हुंडा नको, पेपर सोडवा

रविवारी सकाळी साडेदहाला शिंप्याच्या घरातलं शिवणयंत्र थांबायचं, आणि ते थांबलं की घरातल्या चौघांचे कान एकदमच जिन्याकडे लागायचे.

एरवी ते घर बोलकं होतं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत बापाचं यंत्र, कपाट आणि लाकडी बाक, मागे स्वयंपाकघर. मधे दार नव्हतं, नुसता पडदा. आणि जिकडे तिकडे खाकी चिठ्ठ्या. कपडे बेतायच्या कागदाच्या उरलेल्या पट्ट्या कापून थोरल्या मुलीनं त्यांवर इंग्रजी शब्द लिहिले होते. पुढे शब्द, मागे अर्थ. आरशावर, कपाटाच्या दारावर, चहाच्या डब्यावर, टाचणीनं किंवा खळीनं लावलेले. रोज चाळीस नवे शब्द, वाक्यातल्या चुका शोधायचा एक संच आणि गाळलेल्या जागांचा एक. सरकारी खात्यातल्या जागांची स्पर्धा परीक्षा तीन महिन्यांवर आली होती, आणि गणित-सामान्यज्ञान कुणालाही जमतं, गाडी अडते ती इंग्रजीपाशी, हे तिला ठाऊक होतं. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून ती घरी यायची आणि जेवताना ताटाशेजारी शब्द ठेवायची.

"ताई, बाबांनी काल घोळ केला," तेरा वर्षांची धाकटी सांगायची. "एका गिऱ्हाइकाच्या पँटला तुझी चिठ्ठी टाचून पाठवली. 'अबन्डंट', म्हणजे भरपूर."

"मग?"

"मग काय, माणूस जाडाच होता. शोभली."

बाप यंत्रावर मान खाली घालून हसायचा. असं घर.

पण रविवार आला की हेडक्लार्क यायचा.

हा माणूस निवृत्त हेडक्लार्क होता आणि गावात त्याला मोठा मान होता. का? तर थोरल्या मुलाच्या लग्नात त्यानं एक पैसा हुंडा घेतला नव्हता. त्याबद्दल सभागृहात त्याचा सत्कार झाला, भाषणं झाली, आणि लोकांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. शिंपीही त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत होता. म्हणून त्याच हेडक्लार्कानं धाकट्या मुलासाठी थोरलीला मागणी घातली, तेव्हा शिंप्याला आपलं नशीब उघडल्यासारखं वाटलं.

"हुंडा नको, मानपान नको," हेडक्लार्क बाकावर बसून म्हणाला होता. "मुलीनं परीक्षा तेवढी पास व्हावी. नोकरी लागली की लग्न. आम्हाला शिकलेली सून हवी."

किती छान बोलला! शिंप्यानं हात जोडले. त्या हात जोडण्यात एक गोष्ट कुणी विचारलीच नाही: मुलगी पास झाली, नोकरीला लागली, तर जन्मभराचा पगार कुणाच्या घरात जाणार? एकरकमी घेतला तर हुंडा, आणि महिन्याच्या महिन्याला, तीस-पस्तीस वर्षं, घेतला तर सुधारणा! धाकट्या मुलाची स्वतःची नोकरी कुठे होती, हेही कुणी विचारलं नाही. तो बापाशेजारी बसून मोबाइलवर बोट फिरवत होता. त्याचा पेपर कुणी काढला नव्हता.

"तयारी कशी चालली आहे ते मी येऊन बघत जाईन," हेडक्लार्क जाताना म्हणाला होता. आणि पुढच्याच रविवारी पिशवीतून पिवळ्या कव्हरचं जाडजूड गाईड निघालं, लाल पेन निघालं, मनगटावरचं घड्याळ काढून बाकावर ठेवलं गेलं.

"बस. पंधरा मिनिटं, पंचवीस प्रश्न. प्रश्न मोठ्यानं वाचायचा, मला उच्चारही ऐकायचे आहेत. नंबरासकट वाच."

घरी एकटी बसून पंचवीसपैकी बावीस-तेवीस मिळवणारी ती मुलगी. पण समोर लाल पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज झाला आणि तिच्या डोक्यातले सगळे शब्द भिंतीवरून पाली पळाव्यात तसे पळाले. अकरा आले.

हेडक्लार्क ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाईड मिटलं आणि अगदी हळू म्हणाला, "माझ्या थोरल्या सुनेला पहिल्याच रविवारी चोवीस होते. आमच्याकडे बावीसच्या खाली चालत नाही. आणखी एकदा बघू. मग मला दुसरीकडे शब्द टाकावा लागेल."

तो गेल्यावर बाप दोऱ्याचं रीळ हातात घेऊन नुसताच बसून राहिला. याआधी दोन स्थळं मोडली होती. तिसरं मोडलं की लोक स्थळांना नावं ठेवत नाहीत, मुलीला ठेवतात.

यावर तोड काढली ती आईनं. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं, पण तिची नजर शिंप्याच्या बायकोची होती. पुस्तकाचं कव्हर तिनं बरोबर हेरलं.

"आपल्या थोरलीकडे तेच गाईड आहे ना गं, पिवळं?"

"हो," धाकटी म्हणाली.

"आणि तो माणूस पहिला पेपर घेऊन गेला. म्हणजे पुढच्या खेपेला दुसरा. उत्तरं मागे असतात ना?"

"अगं, पण तुला कुठे वाचता येतं?"

"मला चिरता येतं," आई म्हणाली.

धाकटीनं मागची उत्तरं उतरवून दिली. अक्षरांत नाही, रेघांत. पहिला पर्याय एक रेघ, चौथा चार. एक ते पंचवीस हे इंग्रजी आकडे कानाला ओळखायला आईनं तीन दिवस घेतले. रविवारी ती पडद्याआड पाटावर काकड्या घेऊन बसली. बाहेर थोरलीनं "क्वेश्चन नंबर सेव्हन" म्हणून प्रश्न वाचला की आत सुरी चालायची. टक, टक, टक. तिसरा पर्याय.

त्या रविवारी तेवीस आले. पुढच्या रविवारी चोवीस. हेडक्लार्क खूश, बाप खूश. शेजारीण जिन्यात म्हणाली, "काय हो, रविवारी तुमच्याकडे एवढं काय चिरतात? जेवणावळ असते की काय?" रात्री चौघंही मुकाट्यानं काकडी खात. हसायला हवं होतं खरं. कुणी हसलं नाही. कारण थोरलीला आता नवीच भीती लागली होती: प्रश्न वाचला, उत्तर डोक्यात आलं, तरी सुरी वाजेपर्यंत तिचं बोट हलायचं नाही. दुकानात गिऱ्हाइकानं औषध मागितलं तरी ती क्षणभर थांबायची, कुठून तरी ठोका येईल म्हणून.

चौथ्या रविवारी हेडक्लार्काबरोबर त्याची मोठी सून आली. खिडकीवर दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत नोकरीला. साडी कडक इस्त्रीची, केस चापून बसवलेले. पेपर झाल्यावर ती कपबशा घेऊन पडद्याआड आली, आणि तिनं आईच्या मांडीवरचं पिवळं गाईड पाहिलं, रेघांचा कागद पाहिला, पाटावर चिरलेल्या काकड्यांचा ढीग पाहिला.

आईच्या हातातली सुरी गळून पडली. "पोरी, पाया पडते तुझ्या..."

सुनेनं कपबशा खाली ठेवल्या. नळाखाली बशी धरून उभ्या असलेल्या थोरलीजवळ ती गेली. नळ आणखी मोठा सोडला आणि त्या आवाजाच्या आडून म्हणाली, "पास होऊ नकोस."

"काय?"

"पास होऊ नकोस. मी झाले."

"वहिनी, असं का म्हणता?"

सुनेनं डावी बाही दंडापर्यंत वर सारली. आतल्या गोऱ्या कातडीवर लाल-काळे ठिपके होते. एका ओळीत, शेजारी शेजारी, वहीत चुकलेल्या उत्तरांपुढे खुणा कराव्यात तसे.

"बढतीची खात्यांतर्गत परीक्षा असते दर वर्षी. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर माझा पेपर होतो. जितकी चुकली तितक्या वेळा पेनाचं टोक. पगार त्यांच्या हातात, माझा फोन त्यांच्या हातात, पर्ससुद्धा रोज घरी गेल्यावर पालथी करून बघतात." तिनं बाही खाली ओढली. "लाल शाई धुतली की जाते. खालचं जात नाही."

"आणि तुमचे मिस्टर?"

"ते तेव्हा भाजी वाढून घेत असतात."

बाहेरून आवाज आला, "मोठी, किती वेळ?"

"आले, बाबा," सून म्हणाली, आणि तिचा चेहरा पुन्हा इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत झाला.

त्या दिवसापासून थोरलीला झोप अशी लागली नाही. नापास झाली तर बापाची मान खाली जाणार. पास झाली तर ते टेबल, ते पेन. चालता चालता ती दंड चोळायची. आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "घराघरात काहीतरी असतंच गं. तू चुकलीसच नाहीस तर तुला कशाला टोचेल?" आईवर चिडू नका. भीतीनं माणसाची बुद्धी अशीच चालते: मारणाऱ्याचा हात धरायचा सोडून आपलं कुठे चुकतंय ते शोधत बसते.

पाचवा रविवार उजाडला. हेडक्लार्क, धाकटा मुलगा, मोठी सून. पिशवीतून पिवळं गाईड. लाल पेन. घड्याळ.

"क्वेश्चन नंबर वन," थोरलीनं वाचलं. शब्दाचा अर्थ विचारला होता. आरशावर पंधरा दिवस लावलेला शब्द. उत्तर दुसरं, डोळे मिटूनही दुसरं.

आत सुरी वाजली. टक, टक, टक, टक.

चार? तिनं पुन्हा वाचलं. दुसरंच. पण आईच्या मांडीवर पुस्तक आहे, पुस्तकात मागे उत्तरं आहेत, पुस्तक खोटं कशाला बोलेल? मीच चुकत असणार. तिनं चौथ्यावर खूण केली.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर पहिलं होतं. सुरी तीनदा वाजली. तिनं तिसऱ्यावर खूण केली. दहाव्यापर्यंत तिला कळून चुकलं की हे सगळं चुकतंय, आणि तरीही पुढची खूण तिनं सुरीप्रमाणेच केली. पडद्याआड आई विश्वासानं चिरत होती. टक. टक, टक. घरातल्या सगळ्यांत भित्र्या माणसानं घरातल्या सगळ्यांत हुशार माणसाचा हात धरून त्याला विहिरीकडे चालवत न्यावं, तसं चाललं होतं.

हेडक्लार्कानं तपासलं. लाल पेन कागदावर करकरत राहिलं.

"पाच," तो म्हणाला.

बापानं डोळे मिटले.

हेडक्लार्क उठला, सुरी जिथून वाजत होती त्या पडद्यापाशी गेला आणि त्यानं पडदा बाजूला सारला. आई पाटापुढे. हातात सुरी, मांडीवर पिवळं गाईड. धाकटी भिंतीला चिकटलेली. त्यानं वाकून ते गाईड उचललं, आपल्या गाईडाशेजारी धरलं, आणि हसला.

"जुनी आवृत्ती! माझी फाटली म्हणून मी काल नवी आणली. प्रश्न तेच, पर्याय उलटेपालटे केलेत." मग बापाकडे वळून: "म्हणजे तीन रविवार मला तुम्ही काकडीवर नाचवलंत."

"साहेब, माझ्या बायकोची चूक झाली. पोर हुशार आहे..." बापानं हात जोडले.

"बसा. स्थळ मोडायला मी आलेलो नाही." हेडक्लार्क शांतपणे बाकावर बसला. आणि मग जे बोलला ते ऐकून मोठ्या सुनेनं साडीचा पदर मुठीत आवळला. "ही गोष्ट गावात गेली तर तुमच्या दोन्ही पोरींना कोण विचारेल? मी जाऊ देणार नाही. फक्त आता ही इथे राहणार नाही. परीक्षेपर्यंत आमच्या घरी. माझ्या डोळ्यांसमोर अभ्यास. मोठीलाही सुरुवातीला असलीच खोड होती. दोन महिन्यांत सरळ केली. पोरी, बॅग भर."

धाकट्या मुलाचा मोबाइल तेवढा कुठलंसं गाणं वाजवून गप्प झाला. बापाची मान हळूहळू, हो म्हणायला, खाली चालली होती.

"पेपर परत द्या," थोरली म्हणाली.

"कशाला?"

"मला सोडवायचा आहे. आई, सुरी खाली ठेव."

खाली सुरी ठेवल्याचा आवाज झाला. थोरली उभी राहिली. तिनं बाकाची कड धरली आणि वाचायला सुरुवात केली. "क्वेश्चन नंबर वन. उत्तर दुसरं." "नंबर टू. पहिलं." प्रत्येक प्रश्नानंतर ती सवयीनं क्षणभर थांबायची, आत काही वाजायचं नाही, आणि मग ती स्वतःच उत्तर द्यायची. दहाव्या प्रश्नानंतर ते थांबणंही बंद झालं. घड्याळात बारा मिनिटं झाली तेव्हा ती पंचविसाव्यावर होती.

हेडक्लार्कानं लाल पेनानं मोजलं. "चोवीस." त्याच्या डोळ्यांत मोहोर मोजणाऱ्या बागवानाची चमक आली. "वा! अगदी मोठीसारखी. मग झालं तर. बॅग भर."

"नाही."

"काय नाही?"

"मी येणार नाही. आज नाही आणि लग्न करूनही नाही. पाच मिळाले होते तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण मग गावभर सांगितलं असतंत की पोरगी ढ होती. चोवीस तुमच्याच हातानं लिहिलेत. आता ऐका, नाही."

हेडक्लार्काचा चेहरा बदलला. तो थोरलीकडे बघत नव्हता. मान सावकाश वळवून तो मोठ्या सुनेकडे बघत होता. "हिच्याशी कोण बोललं?"

सुनेचे ओठ पांढरे पडले.

"कुणी बोललं नाही," थोरली म्हणाली. "मला वाचता येतं."

"अहो, तुम्ही बाप आहात का कोण?" हेडक्लार्क शिंप्यावर कडाडला. "पोरगी तोंड वर करून बोलतेय!"

शिंपी उठला. त्याच्या गळ्यात टेप होती. कपाट उघडून त्यानं नवऱ्या मुलाचा लग्नाचा कोट काढला. कच्चे टाके घातलेला, बाह्या न लावलेला. त्यातली एक टाचणी काढून ओठांत धरली, घडी घातली आणि मुलाच्या मांडीवर ठेवली. मग तोंडातली टाचणी काढून म्हणाला, "बाह्या राहिल्यात. दुसरीकडे लावून घ्या."

एवढंच. जन्मभर गिऱ्हाइकापुढे वाकलेल्या माणसाला यापेक्षा मोठं भाषण येत नव्हतं. पण हेडक्लार्काच्या सत्काराच्या सगळ्या भाषणांपेक्षा ते खरं होतं.

"बघून घेईन," हेडक्लार्क जिन्यात म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही." त्यानं शब्द पाळला. आठवड्याभरात काकडीची गोष्ट घरोघरी गेली. बापाची चार गिऱ्हाइकं तुटली. शाळेत धाकटीला मुली 'टकटक' म्हणू लागल्या. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाच मार्कवाल्या तुम्ही, तुमच्या आयांना चिरता येत नाही वाटतं?"

पण थोरलीच्या डोळ्यांपुढून जात नव्हते ते दारातले पाय. जाताना मोठ्या सुनेला चप्पल सापडत नव्हती. दोनदा चुकीच्या पायात घातली. मग सासऱ्याच्या मागून, तीन पायऱ्या अंतर ठेवून, ती खाली उतरली होती. आपण सुटलो. आणि आपण सुटल्याचा हिशेब आज त्या टेबलावर कुणाच्या दंडावर होणार?

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दुकानातून तासाभराची सुट्टी काढून ती कचेरीत गेली. खिडकीपुढे रांग होती. काचेआड मोठी सून बसली होती. कडक इस्त्री, पूर्ण बाह्या. उजव्या हातानं शिक्का मारत होती. डावा हात मांडीवर, तो उचलत नव्हती. थोरलीचा नंबर आला तेव्हा तिनं वर पाहिलं, आणि आधी तिच्या खांद्यावरून मागे, दारापर्यंत, कुणी बघतंय का ते पाहिलं.

"काय हवंय?" तिनं अनोळखी आवाजात विचारलं.

थोरलीनं काचेखालून एक खाकी पट्टी सरकवली. पुढे तिच्या घराचा पत्ता होता. मागे, जिथे शब्दाचा अर्थ लिहायची तिथे, लिहिलं होतं: "कधीही या. इथे कुणी प्रश्न विचारणार नाही."

सुनेनं दोन्ही बाजू वाचल्या. पट्टी तिनं पर्समध्ये ठेवली नाही. शाईच्या डबीतली गादी नखानं उचलली, पट्टीची घडी तिच्याखाली दाबली, झाकण लावलं. मग मागच्या माणसाला म्हणाली, "पुढचा."

परीक्षा होऊन गेली. निकाल लागायचा आहे. थोरलीला निकालाची भीती वाटते, पण ती भीती तिची स्वतःची आहे, तिच्यात लाल पेन नाही. जिना वाजला की घरातली चौघं अजून दचकतात. दचकतात, आणि दाराची कडी काढून ठेवतात. आईनं स्वयंपाकघरात एक जास्तीचं अंथरूण घडी करून ठेवलं आहे. ते अजून उघडलेलं नाही.

आणि हेडक्लार्क? तो मुली बघतो आहे. एक पैसा हुंडा घेत नाही, लोक अजून त्याचं कौतुक करतात. परवाच कुठल्याशा घरात त्याच्या पिशवीतून पिवळं गाईड निघालं म्हणे. त्या घरातही एक हुशार मुलगी असेल, हात जोडलेला बाप असेल, आणि पडद्याआड कुणीतरी सुरी हातात घेऊन बसलं असेल.

ते घर तुमचं तर नाही ना, तेवढं बघा.